अंग दुखतंय, थकवा जात नाही, आणि रिपोर्टमध्ये 'डी कमी'

मागच्या अंकात थकव्यावर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पत्रांचा ढीगच आला. निम्म्या लोकांनी प्रश्नाच्या आधी गोळ्यांच्या स्ट्रिपांचे फोटो पाठवलेत, एका काकांनी तर सगळ्या गोळ्या ताटात रांगेनं मांडून फोटो काढलाय, बाजूला चहाचा कप. सगळ्यांचा सूर एकच, की दुखतंय आणि थकायला होतंय तर कुठलं व्हिटॅमिन घेऊ. काही पत्रं निवडलीत, नावं काढून टाकलीत, बाकीच्यांना त्यातच आपलं उत्तर सापडेल असं धरून चालते.

प्रश्न : डॉक्टर, वय ३८, शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षं झाली अंग दुखतंय, मान, खांदे, कंबर, मांड्या, आज इथं उद्या तिथं. सकाळी उठले की वाटतं रात्रभर पोती वाहिलीत. सगळ्या टेस्ट नॉर्मल, फक्त व्हिटॅमिन डी ११ आलं. ८ सॅशे घेतले, आता ३८ आहे, पण दुखणं आहे तिथंच. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे सगळं अंग दुखत राहण्याचा जुनाट आजार, सांगितला. माझी जाऊ म्हणते डी ७०-८० वर नेलं की दुखणं जातं, तिनं व्हिडिओत बघितलंय. घरचे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचं आहे. अजून एक कोर्स करू का? मॅग्नेशियम घेऊ का? — एक वाचक, नाशिक

नको करू. आधी ते सांगून टाकते.

डी ११ होतं तेव्हा ते भरून काढलं ते अगदी बरोबर केलंस, कारण डी फार खाली गेलं की हाडं मऊ पडतात, ऑस्टिओमलेशिया म्हणतात त्याला, आणि ते खरंच दुखतं. नडगीवर बोटानं दाबलं तरी कळ येते, जमिनीवरनं उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहात नाही, बाई बदकासारखी डुलत चालायला लागते. असे पेशंट मी पाहिलेत, दोन दोन वर्षं संधिवाताच्या गोळ्या खात होते आणि डी आणि कॅल्शियम नीट दिल्यावर काही महिन्यांत पळायला लागले. अल्कलाइन फॉस्फटेज नावाची साधी रक्ताची तपासणी अशा वेळी बऱ्याचदा वाढलेली येते. तेव्हा डी नं दुखणं जातं हे खोटं नाही, पण ते त्यांचं जातं ज्यांचं दुखणं डी मुळे होतं.

गंमत अशी की आपल्या शहरांतनं कुणाचंही डी तपासा, २० च्या खाली यायची शक्यता भरपूर. ज्याचं अंग दुखतंय त्याचंही कमी, ज्याचं दुखत नाही त्याचंही कमी. तपासतो मात्र दुखणाऱ्याचंच, मग कमी सापडलं की सगळं खापर डी वर. सायकलच्या चाकात हवा कमी असेल तर पायडल जड जाणारच, हवा भर, हलकं होईल. पण हवा भरून झाली आणि तरी जड जातंय, मग ब्रेक घासतोय का, चेन कोरडी पडली का ते बघायचं, अजून हवा मारत बसलं तर ट्यूब फुटते. तुझी हवा ३८ ला भरून झालीय.

अभ्यास म्हणशील तर व्हिएन्नाच्या एका छोट्या अभ्यासात, २०१४ चा तो, फायब्रोमायल्जियाच्या ३० बायका होत्या, डी कमी असलेल्या, त्यांना डी दिल्यावर दुखणं काहीसं कमी झालं. बाकीच्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. आणि अमेरिकेत २५ हजारांवर माणसं घेऊन केलेल्या व्हायटल नावाच्या मोठ्या अभ्यासात रोज २००० युनिट डी वर्षानुवर्षं देऊनही फ्रॅक्चर कमी झाले नाहीत, गुडघेदुखीही नाही. आता त्यातल्या बहुतेकांचं डी मुळात बरं होतं, म्हणजे हवा भरलेल्या चाकात हवा. तुझ्या जावेला नेमकं हेच सांग.

आता दुसरं, ते 'मनाचं आहे' वालं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं असं होत नाही, रक्ताच्या तपासणीत दुखणं दिसतच नसतं. फायब्रोमायल्जियात दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत नेणारी आणि तो वाचणारी यंत्रणाच हळवी होते, आवाजाचं बटण कुणीतरी वर करून ठेवल्यासारखं, मग साधा स्पर्श, थंडी, अपुरी झोप, सगळं मोठ्यानं ऐकू येतं. पूर्वी, १९९० च्या नियमांप्रमाणे, अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघायचे आणि ११ दुखल्या तर निदान करायचे, २०१० पासनं ते मागं पडलं, आता दुखणं किती भागांत आहे, झोपेनं ताजंतवानं वाटतं का, थकवा आणि विसराळूपणा किती हे विचारून ठरवतात.

उपाय काय? युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सगळे उपाय चाळून बघितले आणि ठामपणे शिफारस केली ती फक्त एकाच गोष्टीची, व्यायाम. गोळीसुद्धा नाही. मला माहितीय हे वाचून तुला राग येणार, अंग मोडून आलेल्या बाईला चाल म्हणणं सोपं असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त ७ मिनिटं, सपाट रस्त्यावर, आणि दुसऱ्या दिवशी दुखलं तर सोडायचं नाही, ५ वर यायचं. दर पंधरा दिवसांनी दोन मिनिटं वाढव. ज्यांना पोहण्याची सोय आहे त्यांनी कोमट पाण्यात नुसतं चाललं तरी चालतं. आणि डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम किंवा ड्युलॉक्सेटिन दिलं तर 'मला वेड्याची गोळी दिली' म्हणून फेकून देऊ नको, या गोळ्या इथं झोप आणि दुखण्याचं ते बटण यासाठी देतात. प्रीगॅबालिनही देतात, त्यानं कुणाकुणाला गरगरतं आणि वजन वाढतं, तेव्हा विचारून घे. मॅग्नेशियमचंही विचारलंस, त्याचा ठोस पुरावा नाही, जुलाब मात्र ठोस होतात.

डी आता चालू ठेवायचं ते फक्त पातळी टिकवण्यापुरतं, महिन्याला एक सॅशे किंवा तुझे डॉक्टर देतील तसं.

प्रश्न : रामकृष्ण हरी डॉक्टर. वय ६१, मधुमेह १२ वर्षं, मेटफॉर्मिन चालू आहे. पायाला मुंग्या येतात, तळवे जळतात, दिवसभर मरगळ. डॉक्टर म्हणाले बी १२ फक्त १४० आहे, इंजेक्शनं घ्या. आम्ही माळकरी, अंडंसुद्धा घरात येत नाही. हे बी १२ मांसापासनं काढतात असं ऐकलं, म्हणून थांबलोय. रोज ताक घेतो, इडली खातो, त्यात असतं ना बी १२? — एक वाचक, सांगली जिल्हा

राम कृष्ण हरी काका. थांबू नका, उद्याच सुरू करा.

औषधातलं बी १२ कुठल्याही जनावरापासनं काढत नाहीत. ते जिवाणू वाढवून, मोठमोठ्या टाक्यांत आंबवून तयार करतात, आपण दही लावतो त्याच जातीचं काम, फक्त विरजण वेगळं. निसर्गातही बी १२ बनवतात ते जिवाणूच, गाईम्हशीच्या पोटातले जिवाणू ते बनवतात म्हणून ते दुधात उतरतं, झाडांना ते बनवताच येत नाही. एक गोष्ट मात्र बघून घ्या, कॅप्सूलचं वरचं कव्हर बऱ्याचदा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराचं असतं, म्हणून कॅप्सूल नको, गोळी द्या असं मेडिकलवाल्याला सांगायचं. गळ्यातल्या माळेला धक्का न लागता हे सगळं जमतं.

ताकाचं आता. दुधात बी १२ असतं, १०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम धरा, आणि रोजची गरज आपल्याकडच्या २०२० च्या नियमांप्रमाणे २.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर दूध रोज, तेही फार उकळून आटवलं नाही तर. आपलं ताक म्हणजे वाटीभर दह्यात तांब्याभर पाणी, त्यातनं किती येणार. इडली, ढोकळा, शेवग्याचा पाला, स्पिरुलिना यांच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, स्पिरुलिनात जे बी १२ सारखं दिसतं ते आपल्या शरीराला चालतच नाही.

त्यात तुमचं मेटफॉर्मिन. गोळी चांगलीय, बंद करायची नाही, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर आतड्यातनं बी १२ शोषलं जायचं कमी होतं. ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल रोज घेत असाल तर आणखी. म्हणजे आवक कमी आणि गळती चालू. ब्रिटनच्या औषध खात्यानं २०२२ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम कळवलंय, की मेटफॉर्मिनवाल्यांना मुंग्या, थकवा असलं काही असेल तर बी १२ तपासा. आपल्याकडे मुंग्या आल्या की 'शुगरमुळे' म्हणून विषय संपतो, कधी कधी तो शुगरमुळे असतोही, पण दोन्ही एकत्र असलं तर बी १२ चा भाग तरी भरून काढता येतो ना.

पुण्यात केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमनं हे फार पूर्वीच दाखवलंय, त्यांनी पुण्याच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं तर तिघांतल्या दोघांचं बी १२ कमी. म्हणजे तुम्ही एकटे नाही, अख्खी पंगत आहे.

एक साधी खूण सांगते. सकाळी बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना तोल गेल्यासारखं होतं का, पुढं जायला होतं का? होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, पाय कुठं आहेत हे मेंदूला सांगणाऱ्या नसा बी १२ नं बिघडल्या की असं होतं. अशा वेळी इंजेक्शनच घ्यायचं, गोळ्यांवर वेळ घालवायचा नाही. नसांचं काही नसेल, नुसतं खाण्यात कमी पडतंय एवढंच असेल, तर १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळीही चालते, कारण एवढ्या मोठ्या डोसातलं साधारण १ टक्का आपोआप झिरपून आत जातं, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, गरजेच्या चौपट. इंजेक्शन म्हणजे भारी आणि गोळी म्हणजे पुचाट, असं नाही.

नसा सावकाश बऱ्या होतात, सहा महिने, कधी वर्ष, आणि फार जुनं झालेलं पूर्ण भरून येत नाही, म्हणून म्हणते थांबू नका. आणि मेडिकलमधनं आपल्या मनानं नुसतं फॉलिक ॲसिड आणून खाऊ नका, त्यानं रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन छान दिसतं आणि आत नसांची नासधूस चालूच राहाते.

फॉलिक ॲसिडवरनं एक आठवलं, त्याची गोष्ट सुरू झाली ती आपल्या मुंबईत. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची एक इंग्रज बाई मुंबईत आली, परळच्या हाफकिनमध्ये काम करायची, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना रक्त का कमी पडतं, त्या दगावतात का, हे शोधायला. तिनं यीस्टचा अर्क, तो ब्रेडला लावायचा मार्माइट, देऊन बघितला आणि बायका बऱ्या झाल्या. त्यातलं ते जे काही होतं त्याला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणायचे, पुढं १९४१ मध्ये पालकातनं ते वेगळं काढलं तेव्हा नाव पडलं फॉलिक ॲसिड.

प्रश्न : आमच्या सासूबाई (७२) गुडघे आणि कंबरदुखीनं हैराण. डॉक्टरांनी डी चे सॅशे दिले. आठवड्याला एक असं लिहिलं होतं म्हणे, पण मेडिकलवाल्यानं पाकिटावर नुसता '१' लिहून दिला आणि त्या रोज दुधातनं घेत राहिल्या, २० दिवस. आता बद्धकोष्ठ, तोंड कोरडं, सारखं पाणी पितात, रात्री चार वेळा उठतात, जेवण जात नाही, परवा नातवाचं नावच आठवेना. व्हिटॅमिनच आहे, जास्त झालं तर लघवीतनं निघून जातं असं नवरा म्हणतो. — एक सून, ठाणे

हे पत्र छापून येईपर्यंत वाट बघायची नव्हती, म्हणून तुला लगेच मेल केला होता, इथं बाकीच्यांसाठी लिहिते.

निघून जात नाही. बी आणि सी पाण्यात विरघळतात, त्यांचं जास्तीचं बरंचसं लघवीतनं जातं. डी चरबीत विरघळतं आणि चरबीतच साठतं, त्यामुळे सॅशे आज बंद केले तरी साठा कित्येक आठवडे झिरपत राहातो. एक सॅशे ६०,००० युनिटचा, आपली रोजची गरज ६००, म्हणजे एका सॅशेत १०० दिवसांचं डी. वीस दिवस रोज म्हणजे १२ लाख युनिट, पाच वर्षांच्या वर पुरेल एवढं. रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याचीच लक्षणं, वयाच्या मानानं विस्मरण होतंय म्हणून सोडून देऊ नको. त्याच दिवशी कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि डी ची पातळी तपासायला ने, कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्याही बंद, आणि कॅल्शियम फार वर असेल तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागतं, किडनीचा प्रश्न असतो.

सगळ्यांनीच एक करा, सॅशे घरी आणला की कॅलेंडरवर वार ठरवून गोल करा. रविवार म्हणजे डी वार. आमच्याकडे कालनिर्णयावर दुधाच्या हिशोबाशेजारी लाल गोल असायचा.

आणि 'वर्षातनं एकदाच मोठं इंजेक्शन ठोका, कटकट नको' हेही नको. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातनं एकदा ५ लाख युनिट देऊन बघितलं, २०१० मध्ये निकाल आला, त्या बायका कमी पडायच्या ऐवजी जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली.

सासूबाईंचं कॅल्शियम खाली आलं आणि त्या आता नातवाला नावानं हाक मारतात असं कळवलंस, बरं वाटलं.

प्रश्न : आमचे वडील शेतकरी, वय ५८. अंग दुखतं, ताकद नाही म्हणून दर महिन्याला गावात जाऊन ताकदीची सलाईन लावून घेतात, पिवळं औषध टाकतात त्यात. दोन दिवस एकदम फ्रेश असतात. ५०० रुपये जातात. बंद करायला सांगू का? — एक वाचक, लातूर जिल्हा

तो पिवळा रंग बी कॉम्प्लेक्सचा, त्यातल्या बी २ चा. तेच नंतर लघवीला पिवळंजर्द करतं आणि माणूस म्हणतो बघा, उष्णता बाहेर पडली. सलाईनच्या बाटलीत मीठ आणि पाणी, डेक्स्ट्रोजची असेल तर साखर. घरच्या लिंबू सरबताची श्रीमंत बहीण.

पण दोन दिवस बरं वाटतं ते खोटं नाही बरं का. अमेरिकेत अशाच व्हिटॅमिनवाल्या सलाईनला मायर्स कॉकटेल म्हणतात आणि तिथं डॉलरमध्ये लावतात. २००९ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या ३४ पेशंटना आठ आठवडे दर आठवड्याला अर्ध्यांना हे व्हिटॅमिनवालं आणि अर्ध्यांना साधं सलाईन लावलं, कुणाला काय लावलंय ते सांगितलं नाही. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. उन्हातनं आलेल्या माणसाला तासभर पंख्याखाली आडवं करा, कुणीतरी हाताला हात लावून विचारपूस करू दे, अंगात पाणी जाऊ दे, बरं वाटायचंच. कापणीच्या दिवसांत तेवढी विश्रांती त्यांना दुसरीकडे मिळत नसणार.

सरळ बंद करा म्हणालात तर ऐकणार नाहीत. असं करा, पुढच्या महिन्याच्या त्या ५०० रुपयांत आणि थोडे वर घालून एकदा हिमोग्लोबिन, शुगर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), क्रिएटिनिन आणि बी १२ करून घ्या. महिनोन्महिने थकवा आणि त्यात वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, खोकला आहे, असं असेल तर टीबीची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. सलाईननं आजवर फक्त एकच गोष्ट पक्की झालीय, की खरं कारण कुणी शोधलं नाही.

प्रश्न : माझी मुलगी (२९) इंग्लंडमध्ये लीड्सला असते. कोविडनंतर दीड वर्ष झालं, तिला उठवत नाही. थोडं काम केलं, बाजारात जाऊन आली की दोन दिवस अंथरुणावर. तिथल्या डॉक्टरांनी एमई/सीएफएस, म्हणजे न जाणाऱ्या थकव्याचा आजार, सांगितलंय. मी कोल्हापुरातनं डिंकाचे लाडू, मल्टिव्हिटॅमिन, नसांच्या गोळ्या, बी ६ १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, बी १२, असं पार्सल केलंय. सकाळी उठून व्यायाम कर म्हटलं की रडते. — एक आई, कोल्हापूर

ताई, व्यायामाचं आधी थांबवा, तिला आजच फोन करून सांगा की चुकले.

वर नाशिकच्या शिक्षिकेला मी चाल म्हटलं आणि तुम्हाला नको म्हणतेय, दोन्ही खरं आहे, आजार वेगळे आहेत. हिच्या आजारात श्रमानंतर माणूस कोसळतो आणि तेही लगेच नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, म्हणून इतरांना वाटतं काल तर चांगली फिरत होती. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं अशा पेशंटना व्यायाम वाढवत न्या असंच सांगायचे, पेशंट ओरडत होते की आम्ही बिघडतोय, आणि शेवटी २०२१ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेनं ती शिफारस काढून टाकली. आता सांगतात ते आपल्याकडे आजी सांगायच्या तेच, अंथरूण पाहून पाय पसरावे. दिवसाची ताकद जेवढी आहे त्याच्या आत राहायचं, चांगल्या दिवशीसुद्धा सगळी संपवायची नाही, आंघोळ आणि केस धुणं एकाच दिवशी नको, भाजी बसून चिरायची. हा आळस नाही, हीच ट्रीटमेंट.

त्याच नाइसनं हेही म्हटलंय की या आजारावर औषध म्हणून कुठलंही सप्लिमेंट देऊ नये. पण डी तिला लागणार आहे, आजारामुळे नाही, लीड्समुळे. तिथं ऑक्टोबर ते मार्च उन्हात डी बनवण्याइतका जोरच नसतो, त्यामुळे तिथलं सरकार सगळ्यांनाच थंडीत रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट घ्यायला सांगतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना वर्षभर. त्यात ही घरातच असते. ती गोळी तिथल्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळते, पार्सलचा खर्च नको.

पार्सलमधली जी बी ६ आहे ती मात्र काढून टाका. रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमची, आणि या गोळीत १००, शिवाय मल्टिव्हिटॅमिनमध्ये थोडं, नसांच्या गोळीत थोडं, आपल्याला पत्ताच नसतो की तीन डब्यांतनं एकच गोष्ट चाललीय. बी ६ जास्त दिवस जास्त घेतलं की तेच नसा बिघडवतं, पाय बधिर होतात, चालताना अडखळायला होतं. १९८३ मध्ये अमेरिकेत सात जणांची हकीकत छापून आली होती, रोज २ ते ६ ग्रॅम घेणारे, काहींना काठीशिवाय चालता येईना. कमी डोसातही महिनोन्महिने घेतल्यावर हे झालेलं आहे, म्हणून युरोपनं २०२३ मध्ये रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. नसांसाठी म्हणून घेतलेली गोळी नसांवरच उठली, याहून वाईट काय.

लाडू पाठवा. ते औषध म्हणून नाही, तुमचे म्हणून.

थोडक्यात

*'सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास बसतो तरी डी कमी कसं?' (पुणे)* कारण कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण जवळपास नसतातच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, म्हणजे साधारण ११ ते २, हातपाय उघडे ठेवून १५-२० मिनिटं. काचेच्या खिडकीतनं आलेलं ऊन मोजायचं नाही, काचेतनं ते किरण आत येत नाहीत.

*'केसांसाठी बायोटिन घेते, थायरॉइडचा रिपोर्ट विचित्र आला, डॉक्टर गोळी बदलतायत.' (बेळगाव)* थांबा. बायोटिननं काही लॅबमधल्या थायरॉइडच्या मशीनला चकवा बसतो, थायरॉइड वाढल्यासारखा खोटा रिपोर्ट येऊ शकतो. दोनतीन दिवस बायोटिन बंद ठेवून परत टेस्ट करा आणि लॅबवाल्याला तसं सांगून ठेवा. हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन टेस्टलाही असाच चकवा बसतो, तेव्हा दवाखान्यात औषधं विचारली की 'केसांची गोळी' पण सांगायची.

*'थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, लोह सगळं सकाळी एकदम घेतो, विसरायला नको म्हणून.' (डोंबिवली)* मग थायरॉइडची गोळी वाया चाललीय. तिच्यात आणि कॅल्शियम-लोहात चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्या, लोह वेगळं.

*'हिमोग्लोबिन १२.४ आहे, तरी पाय ओढतात, केस गळतात, दुपारी झोपावंसं वाटतं. डॉक्टर म्हणतात रक्त चांगलं आहे.' (म्हापसा, गोवा)* फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाची तपासणी, बघितली का? हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातली रोकड, फेरिटिन बँकेतली शिल्लक. पाळी जास्त जाणाऱ्या बायकांची रोकड ठीक दिसते आणि खातं रिकामं असतं. फ्रान्समध्ये २०१२ च्या एका अभ्यासात तुमच्यासारख्याच १९८ बायका घेतल्या, हिमोग्लोबिन बरं, फेरिटिन ५० च्या खाली, आणि थकवा. १२ आठवडे लोह दिल्यावर थकवा जवळजवळ निम्म्यानं उतरला, खोट्या गोळीवाल्यांचाही उतरला पण २९ टक्के. म्हणजे थकव्यावर गोळीचा खरा उपयोग होतो तो असा, जिथं खरंच कमी आहे तिथं. फेरिटिन कमी आलं तर गोळी एक दिवस आड घेतली तरी चालते, उलट तशी ती जास्त शोषली जाते आणि पोटही कमी बिघडतं. चहाबरोबर नको, तासभर अंतर ठेवा, लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा बरोबर चालेल. आणि पाळी जास्त का जाते ते दाखवून घ्या, नाहीतर वरनं ओतत राहाल आणि खालनं गळत राहील. गोळी सुरू केल्यावर शौचाला काळं होतं, घाबरू नका, त्या काळ्या रंगावर दर महिन्याला मला दोनतीन पत्रं येतात.